मत्स्यखात्याची जाफराबाद मुक्कामी

लग्नाला महिनाही झाला नव्हता, तेव्हाची गोष्ट. सासूबाई बहिणीकडे गेल्या आणि इकडे शिवकन्याने बदनापूरच्या त्या घरातलं स्वयंपाकघर लावून टाकलं. फळीवरचे सगळे डबे उतरवले, घासले, पुसले, प्रत्येकावर सुबक अक्षरात चिठ्ठी चिकटवली आणि अकारविल्हे मांडले. ओव्यापासून हिंगापर्यंत. मग ती दारात उभी राहून बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिली. दुसरी एखादी नवी नवरी आरशात बघते तशी.

नंदाबाई परतल्या, कढईत तेल टाकलं आणि सवयीने डावीकडे हात घातला. हाताला ओवा लागला.

"कन्ये, मव्हरी कुठंय?"

"म मध्ये, आत्याबाई. मेथ्यांच्या पुढे."

"आन् जिरं?"

"ज मध्ये."

"आन् हळद?"

ह येईपर्यंत कढईतून धूर निघाला होता. नंदाबाईंनी कढई उतरवली, कमरेवर हात ठेवले आणि सुनेला तिच्या सासरातला पहिला धडा दिला. "ह्या घरात फोडणीत जे आधी पडतं ते आधी ऱ्हातं. डोळे झाकून हात जाईल तिथं डबा पाह्यजे. तुझी बाराखडी शाळंत ठिव."

डबे संध्याकाळपर्यंत जुन्या जागी गेले. जाता जाता त्यांतलं सामान इकडचं तिकडे झालं, चिठ्ठ्या मात्र तशाच राहिल्या, कारण त्या काढायला नंदाबाईंना वेळ नव्हता आणि वाचायची त्यांना गरज नव्हती. त्यामुळे आजही त्या घरात जिऱ्याच्या डब्यावर 'साबुदाणा' लिहिलेलं आहे आणि नव्या पाहुण्याला उपासाच्या दिवशी कुणी एकट्याने स्वयंपाकघरात सोडत नाही.

शिवकन्याचा स्वभावच असा. लहानपणी ती ओढ्यातले गोटे घरी आणून अंगणात आकाराने लावायची आणि कोंबडीने एखादा हलवला तर जेवायची नाही. पुढे इतिहासात एम.ए. झाली, ग्रंथालयाची पदविका घेतली, संभाजीनगरला जाऊन जुने कागद कसे राखायचे याचं शिक्षण घेतलं. एवढं करून जे काम मिळालं ते मात्र असं होतं की तिला वाटलं, अख्ख्या जालना जिल्ह्याने आपली फळी तिच्यासमोर मांडून ठेवली आहे.

काम जालन्याच्या तात्यासाहेब स्मृती वाचनालयात होतं. तात्यासाहेब म्हणजे या भागातून मुंबईला गेलेले जुने राज्यमंत्री. खातं मिळालं मत्स्यव्यवसाय. ज्या मुलखात मासा बघायचा तर बाजाराच्या दिवसाची वाट बघावी लागते, तिथल्या माणसाला समुद्रातल्या माशांचा कारभार कुणी आणि का दिला, हे कुणालाच कळलं नाही. तात्यांनाही नाही. पण मंत्री तो मंत्री. लोकांनी त्यांना पत्रं लिहायला सुरुवात केली आणि ती शेवटपर्यंत लिहीतच राहिले. ती सगळी पत्रं, त्यांवरचे तात्यांच्या हातचे शेरे आणि उत्तरांच्या प्रती लाल खारव्याच्या कापडात बस्ते बांधून ठेवलेल्या होत्या. तात्या गेले, पुढे त्यांचा मुलगाही थकला आणि बस्ते टेम्पोत भरून वाचनालयाच्या मागच्या खोलीत येऊन पडले.

शिवकन्या त्या खोलीच्या प्रेमात पडली. इतकी, की सकाळी बदनापूरहून निघताना ती माहेरी निघाल्यासारखी दिसायची.

तिच्या मागोमाग माणसंही त्या खोलीत यायला लागली. पहिली आली कांताबाई. ती वाचनालयात झाडलोट करायची. "माझ्या बापानं वस्तीवर लाईटचा खांब मागितल्ता म्हणे तात्याला. लिहायला येत नव्हतं, मास्तरकडून लिहून घेतल्तं. सापडल का?" पत्र सापडलं. शिवकन्याने वाचून दाखवलं. कांताबाईने पदराला हात पुसले आणि वडिलांच्या अंगठ्याच्या निळ्या ठशावर आपला अंगठा अलगद ठेवून पाहिला. "केवढा होता की," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती वस्तीवरच्या चार बायका घेऊन आली.

अशात मुंबईहून पत्र आलं. अभिलेख खात्याच्या वंदना मॅडम सोमवारी पाहणीला येणार होत्या. कागद नीट वर्गवारी करून, सूची करून, शास्त्राप्रमाणे राखलेले असतील तर जालन्यातच राहतील, कपाटांना पैसाही मिळेल. नसतील तर ट्रक येईल आणि बस्ते मुंबईला जातील. तात्यांच्या मुलाने दोन्हीला आधीच होकार देऊन ठेवला होता.

शिवकन्याने पत्र वाचलं आणि तिच्या डोळ्यांसमोर कांताबाई आली, अंगठा पुढे करून मुंबईच्या गाडीत चढणारी. छे. कागद कुठेही जाणार नव्हते.

आणि इथेच तिने घोळ घातला.

संभाजीनगरच्या वर्गात पहिल्याच दिवशी शिकवलेली गोष्ट तिने वहीत लाल शाईने अधोरेखित केली होती. कागद ज्या क्रमाने कचेरीत राहिले, तो क्रम मोडायचा नाही. आधी तो ओळखायचा, मग सूची करायची. वाक्य पाठ होतं. पण पहिला बस्ता सोडला तर वर विहिरीचा अर्ज, त्याखाली लग्नपत्रिका, त्याखाली मास्तरच्या बदलीची विनवणी, त्याखाली पुन्हा विहीर. तारखा पुढेमागे. खाती एकात एक. तिने दुसरा सोडला, तिसरा सोडला. सगळीकडे तेच. "ह्याला क्रम म्हणत नाहीत, ह्याला पसारा म्हणतात," ती स्वतःशी म्हणाली आणि बाह्या सावरल्या.

आठवडाभर तिच्या अंगात वारं भरलं होतं. रस्ते, वीज, शाळा, बदल्या, विहिरी, लग्नपत्रिका, तक्रारी, आभार आणि संकीर्ण असे गठ्ठे पडत गेले. प्रत्येक पत्र वाचत बसलं तर जन्म जाईल, म्हणून ती 'विषय' एवढी ओळ बघायची आणि कागद टाकायची. हात पत्ते वाटणाऱ्यासारखे चालायचे. मत्स्यव्यवसायासाठी तिने अगदी कौतुकाने एक निळी फाईल केली होती, ती मात्र रिकामीच राहिली. मत्स्यमंत्र्याला माशांबद्दल कुणी एक ओळ लिहिली नव्हती. त्यावरही ती एकटीच हसली.

शनिवारी सगळं झालं. खारव्याची कापडं धुऊन वाळत घातली. गठ्ठे ओळीने उभे राहिले. शिवकन्या दारात उभी राहून बघत होती, तेवढ्यात राजूरहून साहेबराव आले.

साहेबराव म्हणजे तात्यांचे स्वीय सहायक. वय ऐंशीकडे झुकलेलं, पण अंगात अजून कडक इस्त्रीचा सफारी आणि खिशाला तीन पेनं. मंत्री तात्या होते, पण मंत्रालय आपण होतो, अशी त्यांची साधी समजूत. मुलाचं राजूरच्या गणपतीच्या रस्त्यावर नारळ-प्रसादाचं दुकान. तिथून दोन पेढे कागदात बांधून, काठी टेकत, साहेबी चालीने ते आत आले आणि एकदम थांबले.

"मुक्कामी कुठंय?"

"कोण, काका?"

"जाफराबाद मुक्कामी! हितं माझी जाफराबाद मुक्कामी होती, तिच्या बाजूला बदनापूर, तिकडं भोकरदन. गाड्या कुठं गेल्या माझ्या?"

शिवकन्याला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. तिने खुर्ची दिली, पाणी दिलं. साहेबरावांनी पाणी घेतलं नाही.

"पोरी, एक बस्ता म्हणजे एक एष्टी. तात्यानं कधी पोस्टावर भरोसा ठिवला न्हाई. आठवड्याला जालन्याला यायचे, उत्तरं लिवायचे, आन् संध्याकाळच्या मुक्कामी गाडीत ड्रायव्हरजवळ टपाल द्यायचो मी. जसजशे थांबे येतील तसतशी पत्रं उतरायची. पहिला थांबा वर, शेवटचा खाली. मागं ऱ्हायलेले अर्ज आन् उत्तरांच्या प्रतीबी त्याच क्रमानं बस्त्यात बांधायचो. पत्र कशाचं, कवाचं, काय घेणंदेणं न्हाई. गाव कुठलं, बास. ह्या कागदाखाली तो कागद का, ते माझं मला बराबर ठावं होतं. आन् तू..." त्यांनी गठ्ठ्यांकडे हात केला. "तू तर सगळे पाशिंजर उतरवून उंचीनं उभे केले की!"

फोडणीत जे आधी पडतं ते आधी. शिवकन्याच्या कानात नंदाबाईंचा आवाज वाजला आणि नाकात त्या दिवशीचा धूर गेला. दुसऱ्यांदा. तीच चूक, आणि ह्या वेळी फळी अख्ख्या जिल्ह्याची.

परवा वंदना मॅडम. मोडलेला क्रम बघून त्या ट्रक बोलावणार, यात शंकाच नव्हती.

मग, का कोण जाणे, तिला हसू फुटलं. भीतीच्या तळातून वर येणारं, आवरता न येणारं हसू. पत्रांवर गावं तर आहेत! प्रत्येक पत्राखाली गाव आहे. आणि थांबे सांगणारा माणूस सफारी घालून समोर उभा आहे.

"काका, उद्या येता?"

"उद्या रविवार."

"म्हणून तर. तुमच्या सगळ्या गाड्या सोडायच्या आहेत."

रविवारी सकाळी वाचनालयाच्या मोठ्या दालनात स्पर्धा परीक्षांची पोरं नेहमीसारखी मान खाली घालून बसली होती. शिवकन्या आत आली आणि म्हणाली, "जरा टेबलं सरकवता का? दालनातून एसटी जायची आहे."

असं वाक्य ऐकल्यावर राज्यघटना वाचत बसेल असं पोर जालन्यात जन्माला यायचं आहे. क्षणात टेबलं भिंतीला लागली. बाकांच्या दोन ओळी झाल्या. एकेक बाक एकेक थांबा. वाचनालयाचे पहारेकरी माऊली एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. तात्यांचं टपाल त्यांच्याच गाडीतून जायचं. त्यांनी उंच स्टूल दालनाच्या तोंडाशी ठेवलं, पाण्याच्या पिंपाचं झाकण दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाले, "जाफराबाद मुक्कामी, फलाट दोन. चला, जल्दी." कांताबाईने टेबलावरची घंटी हातात घेतली. आता कंडक्टर तीच होती, आणि ते तिने कुणाला विचारून ठरवलेलं नव्हतं.

शिवकन्या गठ्ठ्यांतून त्या वाटेवरच्या गावांची पत्रं उचलायची, गाव पुकारायची, आणि ज्या गावचं पोर दालनात असेल ते "आलं, आलं!" करत धावत येऊन आपलं पत्र आपल्या बाकावर नेऊन ठेवायचं. सकाळी दहापर्यंत टेंभुर्णीच्या बाकावर ढीग लागला होता आणि टेंभुर्णीची पोरं बाकीच्यांना हिणवत होती. "बघा, मंत्र्याला सगळ्यात जास्त आम्ही लिवलं." "लिवणारच, तुमच्याकडं कामच सगळ्यात कमी झालं!" घंटी वाजत होती. माऊली वळणावर झाकण फिरवत होते आणि खड्डा आला की स्टुलावर खरोखर उसळत होते. "हितं खड्डा होता. अजून हाय." साहेबराव मागून ओरडत होते, "सावकाश, टपाल सांडल!" शिवकन्याची वेणी सुटली होती, ओढणी कमरेला खोचलेली होती, आणि आपण उद्याच्या ट्रकला घाबरलो आहोत हे ती मधे मधे विसरत होती.

गाडी अडली ती हिवऱ्याला.

हिवरा रस्त्याच्या आत. मोठ्या रस्त्यावर त्याचा फाटा. फाट्यावर आता चहाची हॉटेलं, पंक्चरचं दुकान, दहाबारा घरं, म्हणजे फाटा हे स्वतंत्र गावच आणि हिवऱ्याशी त्याचं जुनं वाकडं.

"फाटा आधी, मंग हिवरा," माऊली म्हणाले. "रस्त्यानं जाऊ तर आधी काय लागंल?"

"हिवरा आधी, मंग फाटा," साहेबराव म्हणाले. "माझ्या बस्त्यात तसंच होतं."

"गाडी म्या चालवली का तुम्ही?"

"टपाल म्या लावलं का तुम्ही?"

"मंग सांगा की, आतलं गाव आधी कसं यील? गाडी काय हेलिकॉप्टर होती का?"

साहेबरावांनी खिशातलं एक पेन काढलं, बघितलं, परत ठेवलं. "तसंच होतं. का होतं ते आता आठवत न्हाई. पण तसंच होतं."

दालनाचे दोन तट पडले. हिवऱ्याचा सुमित म्हणाला, आमचं गाव मोठं, आम्ही आधी. फाट्याचा देवानंद, ज्याच्या घरचं तिथे हॉटेल, म्हणाला, आमच्याशिवाय तुमच्या गावाला रस्ता तरी सापडतो का? शिवकन्या मधे उभी राहून दोन्ही गावांची पत्रं छातीशी धरून होती. हा एक सांधा चुकला तर बाकीचा क्रमही अंदाजपंचे, असं कुणीही म्हणू शकेल. तिला पुन्हा ट्रक दिसायला लागला.

"फाटा दोनदा येतो," दारातून कुणीतरी म्हणालं.

दारात एक बाई उभ्या होत्या. सुती साडी, कपाळाला राजूरच्या गणपतीचा शेंदूर, हातात नारळाची पिशवी. "मी आत्ता तिकडूनच आले. जीप फाट्यावरून आत हिवऱ्याला गेली, चारपाच जणांना उतरवलं आणि परत फाट्यावर आली. दुसऱ्यांदा थांबली तेव्हा मी चहा घेतला. चांगला होता."

"आमचं हॉटेल!" देवानंद ओरडला.

माऊलींच्या हातातलं झाकण थांबलं. "आन् एष्टीबी तशीच जायची की. आत जाऊन परत बाहीर. येताना म्याबी चहा घ्यायचो, टपाल तवाच द्यायचो. सायबराव, तुमचं खरं. माझंबी खरं." मग त्यांनी पाहुणीकडे बघितलं. "ताई, तुम्ही कोण पण?"

"मी वंदना. मुंबईहून. उद्याचं काम होतं, म्हटलं एक दिवस आधी येऊन गणपतीचं दर्शन घ्यावं."

कांताबाईने घंटी पदराखाली घेतली. जमिनीवर, बाकांवर, खिडक्यांत, सगळीकडे एका मंत्र्याचा पत्रव्यवहार पसरलेला होता, आणि त्याच्या टोकाला एक माणूस पिंपाचं झाकण धरून बसला होता.

शिवकन्या पुढे झाली. लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. "मॅडम, कागदांचा मूळ क्रम एसटीच्या थांब्यांचा होता. मला ओळखू आला नाही. मी मोडला. आता परत लावतोय."

वंदना मॅडमनी चपला दारात काढल्या आणि बाकांच्या ओळीतून हळूहळू चालत आल्या. एकेका थांब्यावर वाकून बघत. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. हिवऱ्यापाशी थांबल्या. "इथे अडलंय ना? मग आधी हे लावा. हिवरा, त्याखाली फाटा. आणि वाचा बघू. नुसतं 'विषय' नाही, पूर्ण."

नुसतं 'विषय' नाही, हे ऐकताना शिवकन्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिने हिवऱ्याचं वरचं पत्र उचललं. हे तिने 'तक्रारी'त टाकलं होतं.

"'विषय: तक्रार. आपल्या खात्यामार्फत आमच्या पाझर तलावात जे मासे सोडण्यात आले, ते पावसाळ्यात तलाव भरून वाहिल्यापासून दिसत नाहीत. एकही मासा नजरेस पडत नाही. तरी चौकशी व्हावी. समस्त गावकरी, हिवरा.'"

मासे! शिवकन्याला आपली रिकामी निळी फाईल आठवली. पत्राच्या कडेला तात्यांचा शेरा होता, तिरका आणि ठसठशीत, शेवटी सहीपुरतं 'ता.' "'चौकशी करतो. ता.'"

तिने फाट्याचं पत्र उचललं. हे 'आभारा'त होतं, खोलीच्या दुसऱ्या टोकाला.

"'विषय: आभार. आमची मागणी नसतानाही आपण ओढ्यावाटे आमच्याकडे मासे पाठवले...'"

पुढचं तिला वाचवेना. ओठ हलत होते आणि आवाज फुटत नव्हता. देवानंदने पत्र तिच्या हातून घेतलं आणि खणखणीत वाचलं. "'...ते मिळाले. चवीला उत्तम होते. सर्वांनी पोटभर खाल्ले. पुढील वर्षीही असेच पाठवावेत, ही नम्र विनंती. समस्त फाटा.'"

आधी एक हुंदक्यासारखा आवाज आला, तो माऊलींचा होता. मग दालन फुटलं. पोरं बाकांवर कोसळली. सुमित देवानंदचा शर्ट धरून ओरडत होता, "आमचे मासे! आमचे मासे तुमच्या आज्यानं खाल्ले!"

"खाल्लेच! माझा आजा मरस्तोवर सांगायचा, तात्यानं घरपोच पाठवल्ते म्हणून. आम्हाला खोटं वाटायचं!"

"भरपाई दे!"

"चहा पाजतो, ये!"

"शेरा!" साहेबराव काठी आपटत ओरडत होते. "अरे, शेरा वाचा! तात्याचा शेरा काय हाय?"

वंदना मॅडमनी पत्र हातात घेतलं. त्यांचे खांदे हलत होते. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले, परत लावला आणि वाचलं. "'पोच द्यावी. हिवऱ्याला कळू देऊ नये. ह्यापुढे फाट्याचं टपाल गाडी परत येताना टाकावं. ता.'"

साहेबराव हळूच बाकावर बसले. "हां," ते म्हणाले. "हां. म्हणून. हिवऱ्याचे लोक गाडीतच असायचे ना जाताना. ते उतरले की मंग फाट्याचं पाकीट." मग ते आपल्याशीच हसायला लागले, तीन पेनं खिशात खडखडवत. "कारण ईसरलो आन् क्रम तेवढा ध्यानात ऱ्हायला. आन् हे माऊली, त्यांना आजवर वाटून राह्यलं, चहासाठी थांबतो म्हणून."

"चहासाठीच थांबायचो," माऊली म्हणाले. "राजकारण तुमचं."

शिवकन्या जमिनीवरच बसली होती. हसून हसून पोटात कळ आली होती आणि ह्या दोन कागदांवरून तिला नजर काढवत नव्हती. आठवडाभर एक खोलीच्या ह्या टोकाला होता आणि दुसरा त्या टोकाला, आणि दोघेही अगदी नीट, अगदी सुबक, अगदी मुके उभे होते. शेजारी ठेवताच बोलायला लागले.

हसू ओसरलं. आता सगळे मुंबईच्या बाईंकडे बघत होते.

वंदना मॅडमनी हातातलं पत्र हिवऱ्याच्या पत्राखाली नीट ठेवलं. "माझ्याकडे मुंबईत कपाटं चांगली आहेत. वाळवी नाही, ओल नाही. आग लागली तर आपोआप पाणी पडतं." त्यांनी दालनभर नजर फिरवली. "पण फाटा दोनदा येतो, हे तिथे मला कोण सांगेल?"

त्या वाक्यातून काय निघतं ते कळायला सगळ्यांनाच थोडा वेळ लागत होता.

शेवटी माऊलींनी झाकण धरल्या धरल्या विचारलं, "मंग मॅडम, हे पाशिंजर हितंच ऱ्हायचे का उतरायचे?"

"राहू द्या," वंदना मॅडम म्हणाल्या. "गाडी इथलीच आहे."

कांताबाईने पदराखालून घंटी काढली आणि ती इतकी वाजवली की शेजारच्या दवाखान्यातून कुणीतरी काय झालं म्हणून विचारायला आलं. सुमित आणि देवानंद भांडण सोडून एकमेकांच्या गळ्यात पडले आणि मग आठवण होऊन परत भांडायला लागले. शिवकन्या उठायला गेली आणि उठता उठता रडली की हसली, हे तिचं तिलाच कळलं नाही.

"पण दोन गोष्टी," मॅडम तिला बाजूला घेऊन म्हणाल्या. "तुमचे विषयांचे गठ्ठे मोडतील, पण विषयांची यादी फाडू नका. ती दुसरी सूची म्हणून राहील. कागद थांब्यांनी लावायचे आणि शोधायचे विषयाने. उद्या कुणी विहिरी शोधत आलं तर त्याला सगळी एसटी फिरायला लावणार आहात का? आणि सूचीच्या पहिल्या पानावर लिहायचं, की हा क्रम एकदा मोडला होता. कुणी मोडला, कसा लावला, कुणाकुणाच्या आठवणीवरून. खाली त्या माणसांची नावं."

"माझं नाव?"

"तुमचं पहिलं."

शिवकन्याने तिथेच, टेंभुर्णीच्या बाकावर कोपर टेकून, कोरा कागद ओढला. आपली चूक लिहायला कुणी इतक्या आनंदाने बसलेलं त्या वाचनालयाने पाहिलं नसेल. 'प्रस्तुत बस्त्यांचा मूळ क्रम शिवकन्या हिने विषयवार गठ्ठे करून मोडला', तिने लिहिलं, आणि वाक्य इतकं गोमटं वाटलं की दोनदा वाचलं. मग साहेबरावांचं नाव, माऊलींचं. कांताबाईचं लिहिताना तिने वर बघून विचारलं, "काय म्हणून लिहू?" आणि कांताबाई घंटी न सोडता म्हणाली, "कंडक्टर."

निळी फाईल आठवली तशी तिने तीही मागवली. मत्स्यव्यवसाय. आत दोन ओळी टाकल्या. हिवरा, जाफराबाद मुक्कामी. फाटा, जाफराबाद मुक्कामी, परतीला.

रात्री घरी गेल्यावर नंदाबाईंना सांगायचं, असं तिने मनात ठरवलं. त्या नक्की म्हणणार, "मंग? मी काय सांगितल्तं?" आणि तिने आधीच ठरवलं होतं की ऐकून घ्यायचं.

राजूर अजून लावायचं होतं. टेंभुर्णीचा ढीग होता, त्यापुढे जाफराबाद. दुपार उतरत होती आणि खिडकीतून ऊन बाकांवर तिरकं पडलं होतं, खऱ्या गाडीत पडतं तसं. माऊली स्टुलावर सावरून बसले, झाकण दोन्ही हातांत घेतलं आणि मागे वळून बघितलं. मुंबईच्या मॅडम अजून मधल्या वाटेत उभ्याच होत्या, नारळाची पिशवी हातात घेऊन.

"ताई, बसून घ्या," ते म्हणाले. "पुढं खड्डा हाय."

वंदना मॅडम राजूरच्या बाकावर पत्रांच्या शेजारी सरकून बसल्या, पिशवी मांडीवर घेतली, आणि कांताबाईने घंटीची टणटण डबल दिली.